तीनदा

शांती रोह्यात नन चालवत असलेल्या दवाखान्यात चादरी धुवायची. रविवारी सकाळी शेजारच्या प्रार्थनाघरातून गाणं यायचं, "हे प्रभो, दया कर. हे ख्रिस्ता, दया कर. हे प्रभो, दया कर." शांतीचं त्या देवाशी काही नातं नव्हतं. पण ते शब्द कानावर आले की तिचे हात पाण्यातच थांबायचे.

सहा वर्षांपूर्वी गडब गावी तिची सून पुतळी हेच बोलली होती. पुतळीला आठवा महिना होता, तिचा नवरा, शांतीचा मुलगा मोरू, धरमतर खाडीत मालवाहू बार्जवर कामाला. कुणीतरी शांतीचे कान भरले, पोटातलं पोर मोरूचं नाय. शांतीनं दंडाला धरून सुनेला उंबऱ्याबाहेर काढलं आणि कडी लावली. बाहेरून पुतळीनं विनवलं, "दया करा, आत्याबाय." त्याच दुपारी हायवेवरच्या एका दुकानामागं ती बाळंत झाली. पोर मेलेलं निघालं. हुबेहूब मोरूचा तोंडावळा. मोरू आला, पोराला पुरलं आणि निघून गेला. परत फिरकला नाही.

एका रविवारी शांतीनं सिस्टर मोनिकांना विचारलं, "ती दया करतो कोण?"

"देव करतो."

"आन् जिचं वाईट केलं, तिचं काय?"

"आधी तिच्याकडं जायला हवं, शांतीबाय."

शांती चालत निडीला, पुतळीच्या माहेरी गेली. पुतळी भावाच्या अंगणात वाल पाखडत होती.

"पुतळे, दया कर गो माझ्यावर."

सूप थांबलं नाही. "त्या दिशी मी किती येळा बोलले व्हते, आत्याबाय?"

"तीनदा," शांतीच्या तोंडून निघून गेलं.

पुतळीनं मान वर केली. "म्हंजे ऐकू येत व्हतं तुमाला."

शांती तिथंच मातीत बसली. ऊन अंगणभर पसरलं. पुतळीच्या भावजयीनं, रंभेनं, पाण्याचा तांब्या आणून ठेवला. पुतळी सूप घेऊन आत गेली, आणि आतूनच तिचा आवाज आला, "जावा तुमी. मला नाय जमायचं."

शांती पाणी न पिताच उठली.

त्यानंतर ती रविवारी दवाखान्यात यायची बंद झाली. सगळं धुणं शनिवारीच उरकून टाकायची.