आई जेवतानाचा फोटो

आमच्या आईला जेवताना कुणी पाहिलेलं नव्हतं. हे मी कौतुकानं नाही, रागानं सांगते. आधी आबा, मग माझा धाकटा भाऊ जोतीराम, मग आलेगेले, मग रानातले गडी. सगळ्यांचं झालं की ती चुलीकडं तोंड आणि आमच्याकडं पाठ करून बसायची. पातेल्याच्या बुडाला उरेल ते तिचं. लग्न होऊन कराडला जाईपर्यंत मला वाटायचं, आया अशाच जेवतात.

जोतीराम फौजेत होता. त्या वर्षी, म्हणजे चौऱ्याहत्तर साली, त्याची पलटण पार चीनच्या हद्दीवर, बर्फात होती. त्याच्याच पलटणीतला, आष्ट्याचा गुंडा नावाचा जवान सुट्टीवर आला, तेव्हा जोतीरामचा निरोप घेऊन आमच्या घरी आला.

“आबा, जोत्यानं फोटू मागिटलाय,” बाहेर सोप्यात चहा पीत तो म्हणाला. “मधी मटणाचं पातेलं, भवतीनं समदी जेवत्याली. आन् आईबी बसलेली पायजे. म्हनला, आई जेवताना मी कवा बगितलीच न्हाई.”

आई आत चुलीपाशी होती. तिच्या पोटात गाठ होती आणि मिरजेच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. म्हणून तर मी माहेरी आले होते. जोतीरामला यातलं काही कळवायचं नाही, अशी तिनं आम्हाला शपथ घातली होती.

“मिरजंला जायच्या आदी फोटू काडा,” ती आतूनच म्हणाली. “मागनं माजं त्वांड कसं दिसंल, काय म्हाईत.”

त्याआधी जन्मात तिनं काही मागितल्याचं मला तरी आठवत नाही.

आबा कुरकुरले. “बायकांनी बाप्यांच्या पंगतीला बसायचं व्हय? कवा झालंय का आसं?”

“आवं आबा, एका घासानं घर बाटणार न्हाई,” मी म्हणाले. “पोरगा बर्फात बसून आईचं त्वांड मागतोय. तुमचं न्हाई मागितलं.” माझं तोंड आधीपासूनच तिखट आहे. आबांनी कुरकुरतच गुंडाजवळ आष्ट्याच्या फोटोग्राफरला सांगावा दिला.

आष्ट्याचा सिकंदर फोटोग्राफर शेजारच्या गावातलं लग्न उरकून दुपारी आमच्याकडं आला. कॅमेऱ्यात एकाच फोटोपुरती फिलीम उरलीय, हे त्यानं आल्या आल्या सांगून टाकलं. एरवी पातेलं चुलीवरून हलत नाही. त्या दिवशी फोटोसाठी शेगडी सोप्यात आणली आणि रटरटतं पातेलं तिच्यावर ठेवलं. धड उभं राहवत नसताना आईनं मटण स्वतः शिजवलं होतं. वाटणाला मला हात लावू दिला नाही. मग तिनं ठेवणीतलं इरकली लुगडं नेसलं आणि येऊन अवघडून बसली. एका बाजूला आबा, दुसऱ्या बाजूला मी आणि समोर जरा कडेला आबांचे भाऊ, आप्पासो काका.

“मावशी, वाफ लय हाय. मधी आली तर काय दिसायचं न्हाई,” सिकंदर म्हणाला.

मी पातेलं उतरवायला गेले, तर तिनं माझा हात धरला. “गार नगं करू. तितं त्यो गारठ्यात हाय, त्येला ऊन ऊन दिसू दे.”

शेवटी झाकण घालायचं ठरलं. “आता जेवल्यावानी करा,” सिकंदर म्हणाला. “उजेड कमी हाय, जरा येळ लागंल. कुनी हलायचं न्हाई.”

आबांना जेवल्यासारखं करणं ठाऊक नव्हतं. ताटावर बसलं की जेवायचं, एवढंच त्यांना माहीत. ते भुरके मारत सुटले. आईनं भाकरीचा तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला आणि तोंडापाशी नेला. मी शेजारून बघत होते. ती लाजली होती. नव्या नवरीसारखी लाजली होती माझी आई, आणि हसू आवरत होती.

तेवढ्यात आबांची वाटी रिकामी झाली. त्यांनी ती पुढं केली. “रस्सा.”

आईनं घास ताटात टाकला आणि झाकण उचललं. सिकंदरचा खटका त्याच वेळी वाजला.

“कोन हाललं?” त्यानं विचारलं. आई आबांना रस्सा वाढत होती.

मग तिला मिरजेला नेलं. खाटेवर पडल्या पडल्या एकच विचारायची, “फोटू पाटीवला का?” आणि डोळे दाराकडं लावायची. ऑपरेशननंतर ती सावरलीच नाही, आणि आम्ही तिला घरी आणलं ते शेवटचंच.

सिकंदर फोटो घेऊन आला तेव्हा आमच्याकडं सुतक होतं. फ्रेम करून आणला होता, पण तो उंबऱ्यातच थांबला. “मावशीचा दुसरा येकादा फोटू आसंल की घरात,” तो म्हणाला. नव्हता. फोटोत आबा लख्ख होते, पुढं केलेल्या वाटीसकट. काका होते, मी होते. आईच्या जागी इरकलीचा काठ, झाकण धरलेला हात आणि त्याच्यावर नुसता वाफेचा पांढरा लोळ.

आबांनी तोच भिंतीवर लावला. आता ते सगळ्यांच्या मागून जेवतात, स्वतःच्या हातानं वाढून घेतात. मला त्यांची दया येत नाही, असं मी म्हणते खरी.

तार मिळून जोतीराम पोचला तेव्हा आईचे दिवस घालून झाले होते. खांद्यावरची ट्रंकसुद्धा खाली न ठेवता तो फोटोसमोर उभा राहिला. बराच वेळ बघून म्हणाला, “अक्का, ह्यात आई कुठाय?”

आबा उठले, त्याला बाजूला करून धोतराच्या सोग्यानं काच पुसू लागले. रोज सकाळी पुसतात तशीच, त्याच एका जागी, जोर लावून. जोतीरामनं त्यांचा हात धरला.

“आबा, काच साफ हाय.”

“मग ती दिसंना का रं?” आबा म्हणाले.