उजेडाला लगाम

प्रयोगशाळेत थोरलीनं समोरून येणाऱ्या लेसरची ताकद किंचित वाढवली आणि पडद्याकडे पाहिलं. वरच्या रेषेत मोकळे सुटलेले प्रकाशाचे स्पंद, खालच्या रेषेत रोखून धरलेले. केसाएवढ्या काचेच्या तंतूत दोन उजेड समोरासमोर भेटले की काचेतच आवाजाची एक बारीक लाट उठते, आणि तिच्यातून जाताना स्पंद रेंगाळतो. थोरलीची उमेदीची सारी वर्षं त्या रेंगाळण्यात गेली होती. पण आज खालचा स्पंद वरच्याच्या जरा पुढेच दिसत होता.

"सर, हा मागे पडायचा सोडून पुढे पळतोय."

सरांनी चष्मा कपाळावर चढवला.

"पळतोय कसला! तुम्ही स्पंद फार जवळजवळ सोडलेत. हा आधीचा आहे. इतका मागे राहिलाय की पुढच्याच्या पंक्तीला येऊन बसलाय. हा पोचेपर्यंत दुसरा सोडू नका."

ती हसली. इथेच केस पांढरे केले आणि चूक मात्र नवशिक्याची. अंतर वाढवायला तिनं हात पुढे केला, आणि तो बटणावर तसाच राहिला.

तिला चहाचा कप आठवला होता.

अण्णा, तिचे वडील, जन्मभर बसचे कंडक्टर. इतके हजरजबाबी, की भांडायला आलेला प्रवासी हसत उतरायचा. मेंदूला झटका आला तेव्हापासून मात्र ते भलतंच बोलू लागले. आज वार कोणता म्हटलं, तर गप्प. जेवलात का म्हटलं, तर "मंगळवार". पाय दुखतोय का, तर "जेवलो की". तिच्या धाकट्या भावानं हात टेकले.

"ताई, तू बस उजेडाला लगाम घालत," तो म्हणाला होता. "इथे माणूस हातचा गेलाय. त्यांना काही कळत नाही आता. वृद्धाश्रमात नर्स तरी असते."

त्यानंतर एका सकाळी ती अण्णांसमोर जाऊन बसली होती.

"अण्णा, तुम्हाला तिकडे ठेवलं तर चालेल?"

अण्णा नुसते बघत राहिले. ती शांतता तिला सोसवेना.

"बरं, चहा घेता?"

"नको," अण्णा म्हणाले.

तिनं कप उचलून नेला आणि दुपारी त्यांची बॅग भरली. चहाला अण्णांनी जन्मात कधी नाही म्हटलं नव्हतं, हे तेव्हा तिच्या ध्यानातही आलं नाही. ते 'नको' चहाचं नव्हतंच. आधीच्या प्रश्नाचं होतं.

"सर, मला निघायला हवं," ती म्हणाली. लेसर बंद करायचा राहिला, तो सरांनी केला.

वृद्धाश्रमात अण्णा खिडकीशी खुर्चीत बसले होते. सदऱ्याचं वरचं बटण लावलेलं, केस पाण्यानं चापून बसवलेले. परक्या हाताचा भांग चुकीच्या बाजूला होता. तिनं स्टूल ओढलं.

"अण्णा, माझं चुकलं. घरी येता?"

आणि तिनं ओठ घट्ट मिटले. अण्णा तिच्याकडे पाहत होते. अंगठा बोटांवरून फिरत होता, तिकिटं सुटी केल्यासारखा. बाहेर कुठेतरी नळ गळत होता. बोलायचा मोह आवरायला तिनं पर्सचा पट्टा मुठीत पिळून धरला.

धुतलेल्या चादरी घेऊन तिथल्या मावशी आत आल्या.

"काय आजोबा, आज लेक आलीय म्हणून थाट! वारा गार सुटलाय हो, खिडकी लावू का?"

थोरलीनं हात वर केला, पण तोवर प्रश्न विचारून झाला होता.

"नको," अण्णा म्हणाले.

"वाऱ्याची भारी हौस यांना," मावशी हसून म्हणाल्या, आणि चादर ठेवून निघून गेल्या.

थोरली हलली नाही. खिडकीचा पडदा फडफडत होता, अण्णांच्या गुडघ्याला लागून परत जात होता. विचारायचं पुष्कळ होतं. पण त्या खोलीत कुणीच कुणाला काही विचारलं नाही.

बऱ्याच वेळानं अण्णांनी खिडकीकडे मान वळवली.

"लाव," ते म्हणाले.

ती उठली. खिडकीची कडी नीट बसली, तरी तिनं तिच्यावरचा हात काढला नाही.