वाजणारा पाना

बहात्तरचा दुष्काळ पडायच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. पारोळा-धुळे रस्त्यालगतच्या एका खेड्यात वना आणि अभिमन हे दोघे भाऊ एकत्र शेती करत. बाप लवकर गेला, तेव्हा धाकट्या अभिमनला वनानंच लहानाचं मोठं केलं. घरातली सगळी वनाला नाना म्हणत. नानाचा जीव दोनच गोष्टींत: एक अभिमन आणि दुसरं विहिरीवरचं डिझेल इंजिन. त्यात जास्त लाडकं कोणतं, हे मात्र कोणी विचारू नये.

इंजिन बिघडलं तरी मिस्त्री बोलवायचा नाही, हा नानाचा हट्ट. गोणपाट अंथरून तो स्वतः इंजिन खोलायचा, आणि अभिमन शेजारी उकिडवा बसून रॉकेलमध्ये सामान धुवायचा. अभ्या, पाना दे. अभ्या, फडकं दे. अभिमनला मिशा फुटल्या, लग्न झालं, पोरं शाळेत जायला लागली, तरी या गड्याला बढती काही मिळाली नाही.

त्या साली हेडखालचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाखालचं, गॅस्केट लागोपाठ जळालं. ती पातळ चकती जळाली की इंजिन नुसतं फुसफुसतं, पाणी चढवत नाही. मिरचीचं रान ऐन फुलोऱ्यात माना टाकायला लागलं. नाना पान्याला पाईप अडकवून अंगच्या बळानं नट आवळायचा. मना हातले समजस, म्हणायचा. हाताला समजत होतं ते जुन्या दिवसांत. आता एक नट करकचून बसायचा, तर दुसरा ढिला राहायचा. त्यात दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की नाना जेवणावरून उठायचा.

टॉर्कचा पाना आण, असं अभिमनला धुळ्यातल्या एका गॅरेजवाल्यानं सांगितलं. नटावर किती जोर पडला ते तो पानाच सांगतो, म्हणजे सगळे नट सारखे बसतात. धुळ्यात काही तो मिळाला नाही. मग अभिमन एस्टीनं जळगावला गेला आणि ज्ञानचंद शेठच्या हार्डवेअरच्या दुकानात शिरला.

शेठनं दोन पाने काढून समोर ठेवले. एकाला मुठीजवळ आकड्यांची पट्टी आणि तिच्यावर सरकणारा काटा. जोर लावत जायचं आणि काटा वाचत जायचा. दुसऱ्यावर आकडा आधीच लावून ठेवायचा. तेवढा जोर झाला की आतून टक् वाजतं, हाताला झटका कळतो, की थांबायचं. शेठ जुना माणूस, गिऱ्हाईक ओळखून माल देणारा. घरी पाना कोण चालवणार, असं त्यानं विचारलं.

"कोणाची नजर कमी असेल तर हा वाजणारा न्या," तो म्हणाला. "एकदा आकडा लावून दिला की आंधळ्याच्या हातातही चालतो."

अभिमननं तो पाना हातात घेतला. हा नानाचाच पाना, हे त्याला कळलं नसेल असं कोणी म्हणू नये. लख्ख कळलं. पैसे तर दोन्हींपुरते खिशात होते. पण इथंच घोडं पेंड खात होतं. हा पाना घरी गेला की नाना पुन्हा इंजिनापुढे बसणार, आणि आपण पुन्हा रॉकेलच्या डब्यापुढे. जन्मभर फडकंच द्यायचं का?

"मीच चालवणार," अभिमन म्हणाला. "काट्याचा द्या."

एस्टीत बसल्यावर त्यानं मनाची समजूत घातली. वाजणाऱ्याची स्प्रिंग ढिली पडत असेल, नाजूक वस्तू, खेड्यात कोण दुरुस्त करणार? माणसाला आपल्या सोयीची कारणं शोधायला कधी वेळ लागत नाही.

घरी नवा पाना पाहून नाना हरखला. गॅस्केट बसवलं, हेड चढवलं, नट बोटांनी चाचपून बरोबर शोधले आणि पाना लावला. जोर लावता लावता तो पट्टीवर वाकला, मान तिरपी केली, पार नाक टेकेपर्यंत खाली गेला.

"कितलावर उना रे काटा?" त्यानं विचारलं.

नुसता आकडा सांगितला असता तरी काम झालं असतं. एकानं जोर लावावा, दुसऱ्यानं वाचावं, यात काय जात होतं? पण अभिमननं हात पुढे केला. "द्या इकडे, नाना. तुम्हाला नाही दिसायचं ते."

नानानं मूठ सोडली. फडक्याला हात पुसले आणि बांधाबांधानं घराकडे निघाला. अभिमनला तेव्हा वाईट वाटलं का? छे. सुंठीवाचून खोकला गेला, असंच वाटलं. इंजिन चालू लागलं, मिरची वाचली, आणि गावातली माणसं आपापली इंजिनं दाखवायला त्याला बोलवायला लागली.

नाना पुन्हा विहिरीवर आला नाही. खंडेनवमीला अवजारांची पूजा असते, तेव्हा नानाच्या बायकोनं, प्रमिलाबाईनं, त्याला ओढून आणलं. इंजिनापुढे नारळ दर साली नाना फोडायचा. त्यानं तो अभिमनच्या हातात दिला.

"जेना हातमा इंजिन, त्यानीच नारय फोडाना," एवढं बोलून तो मागे पोरांत जाऊन उभा राहिला.

तो नारळ अभिमननं फोडला. त्या दिवसापासून त्याला घास गोड लागेना. नाना दिवसभर ओट्यावर बसून असायचा, विहिरीकडे पाठ करून. इंजिन सुरू झालं की बोलता बोलता गप्प व्हायचा आणि आवाज ऐकत राहायचा. हे आपण काय करून बसलो, असं अभिमन स्वतःलाच विचारायचा. ज्या हातांनी आपल्याला घास भरवले, ते हात आपण रिकामे केले.

पुढच्या उन्हाळ्यात हेड पुन्हा उघडायची वेळ आली. अभिमन जळगावला जाऊन वाजणारा पाना घेऊन आला. नानाला हाताला धरून विहिरीवर नेलं, आकडा लावून पाना त्याच्या हातात दिला, आणि टक् वाजलं की थांबायचं, एवढं सांगितलं.

नानानं नट चाचपला, पाना बसवला आणि ओढला. टक्. तो दचकला. पुढचा नट घेतला. पुन्हा टक्. त्याच्या तोंडावर हसू पसरलं. अभ्या, फडकं दे, म्हणाला. अभिमननं धावत जाऊन फडकं दिलं.

मग मागच्या सालचा काट्याचा पाना आठवून नानाचा हात मधेच थांबला.

"हाऊ पाना तवयबी दुकानमा व्हता का रे?"

खरं सांगायला तोंड उघडलं होतं अभिमननं. पण समोर नानाचं ते हसू होतं.

"नही, नाना," तो म्हणाला. "आते उना."

नानानं मोठा श्वास सोडला, छातीवरची धोंड उतरावी तसा.

"मंग तुना काय दोस? मी आपला उगाच राग धरी बसनू."

आणि त्यानं तेलानं माखलेला हात अभिमनच्या पाठीवरून फिरवला, लहानपणी फिरवायचा तसाच, सावकाश. अभिमनला तो हात सोसवत नव्हता. पण तो तसाच मान खाली घालून बसून राहिला.