पेटीवरचा हार

महादेवबुवांच्या कीर्तनामागे गिरिधर वीस वर्षं पायपेटी वाजवत होता. पूर्वरंग संपला की बुवांच्या गळ्यात हार पडे, आणि बुवा तोच हार काढून गिरिधरच्या पेटीवर ठेवत. रामरायाच्या दारात त्याला एवढंच हवं होतं; पण ते दुसऱ्या कोणाला गेलेलं खपलं नसतं.

चौऱ्याहत्तरच्या चैत्रात बुवांच्या भाच्याने जर्मनीहून एक तबकडी धाडली. चर्चमधल्या ऑर्गनचं अगदी नव्या धाटणीचं संगीत; ना ताल, ना गत. वेष्टनावर फोटो होता: बाई ऑर्गनच्या पट्ट्यांवर शिशाची वजनं ठेवून हात बांधून उभी. तेवीस मिनिटं एकच सूर.

"काय दम हाये गा!" बुवांनी डोळे मिटले. "अन् सूरबी बरोबर आपल्या पट्टीचा, काळी एक! रामनवमीले नामगजरामागं हेच लावू. सुई तू ठेवजो."

गिरिधर घरी येऊन धुमसला. "वजनं ठेवून तं कोणीबी वाजवंन!"

"मंग तुमी काहून जळून राहिले?" त्याच्या बायकोने, गोपिकेने पोळी उलटली. "सवत आली का घरात?"

सवतच ती!

रामनवमीला सकाळी धरमपेठेतलं देऊळ भरलं. पूर्वरंग संपला. गिरिधरने मूर्तीकडे न पाहता तबकडीच्या यंत्राचा वेगाचा खटका तेहतीसवरून पंचेचाळीसवर सरकवला आणि सुई टेकवली. आता सूर चढेल, बुवांची पट्टी सुटेल, मग म्हणतील, बंद कर हे, पेटी घे. त्याचा पाय भात्यावर तयारच होता.

सूर चढला. बुवा क्षणभर थबकले. मग हसले, त्या चढल्या सुरालाच मध्यम मानलं, गळा केसभर वर घेतला आणि गजर मालकंसात उचलला. बायका टाळ्या विसरून हात जोडून बसल्या. गिरिधरच्याही अंगावर काटा आला, आणि त्याचाच त्याला जास्त राग आला.

बुवांच्या गळ्यात हार पडला. त्यांनी तो काढला, वळले, आणि गिरिधरच्या समोरून जाऊन तबकडीच्या यंत्रावर ठेवला. ओला मोगरा सुईच्या दांडीवर ओघळला. खर्रर्र!

सूर तुटू दिला असता, तर तबकडीवरच्या त्या बाईची भरदेवळात फजिती झाली असती. पण गजर चालू होता. गिरिधरचा पाय दाबला गेला, बोट मध्यमावर पडलं, आणि लोकांना कळलंसुद्धा नाही.

कपाळाला बुक्का लावून घेता घेता बुवा मागे झुकले. "खटका तूच सरकवला ना गा?"

गिरिधरने मान खाली घातली. "हो, बुवा."

"मध्यम मस्त देला. आता सोडू नोको."

"नाही सोडत." गिरिधरला राहवेना. "अन् हार?"

"एक हात मोकळाच हाये ना तुहा? घे उचलून."

गिरिधरने डाव्या हाताने हार ओढून पेटीवर घेतला. तबकडीवर पाकळीसुद्धा ठेवली नाही.