दोन कडांवरून शिवलेला झगा

मी एक जुना झगा आहे, आणि खरे सांगायचे तर माणसांवर माझा राग आहे. अशा गोष्टीत ‘मित्रांनो’ म्हणायची रीत असते, म्हणून म्हणतो. मित्रांनो, तुमच्यापैकी कोण कोण बाहीला नाक पुसते ते मला ठाऊक आहे. आता गुमान ऐका.

पन्नास वर्षांपूर्वी एका बाईने मला स्वतःसाठी शिवले. ती इस्पितळाच्या शिवणखोलीत कामाला होती. दिवसभर पांढऱ्या चादरी शिवून तिचे डोळे विटायचे, म्हणून तिने पिवळेधमक कापड आणले, त्यावर बोराएवढी निळी फुले. मला घालून ती कामावर गेली की बाकीच्या बायका “कुठून आणलंस गं?” म्हणून हात लावून बघायच्या. ते दिवस बरे होते.

तिला दोन मुली. थोरली नऊ वर्षांची झाली तेव्हा आईने मला कापून तिच्या मापाचे केले. थोरली मला जपायची, घडी घालून ठेवायची. पण एका दुपारी पाच वर्षांच्या धाकटीने कात्री घेतली आणि बाहुलीला परकर हवा म्हणून माझी उजवी बाही उडवली. थोरलीने तिला धोपटले. धाकटी तिच्या दंडाला चावली. तेव्हापासून दोघींचे विळ्याभोपळ्याएवढे सख्य आहे. आता दोघींचे केस पिकलेत, तरी बोलाचाली झाली की बाही निघतेच. बाही गेली माझी, पण मला आजवर कुणी साधे ‘चुकलं’ म्हटले नाही.

पुढची सगळी वर्षे मी ट्रंकेत काढली, डांबराच्या गोळ्यांच्या वासात.

यंदा ट्रंक उघडली. आईच्या गुडघ्यांचे ऑपरेशन ठरले होते आणि इस्पितळात पायांवर घ्यायला तिला एक छोटी गोधडी हवी होती. “तिथल्या चादरी मी जन्मभर शिवल्यात. त्या नकोत मला. मला माझा झगा पाहिजे,” ती म्हणाली. तिने माझे चौकोन कापले, जोडले, आत जुने ब्लँकेट घातले, खाली अस्तर लावले आणि कच्च्या टाक्यांनी सगळे टाचून ठेवले. तिथे तिचे हात थकले आणि तिने सुई खाली ठेवली. पक्का धावदोरा घालायचे काम मुलींवर आले. हातात दिवस होते पंधरा.

“मधून सुरू करा आणि कडेकडे या,” आईने बजावले. मधून शिवत गेले की चुण्या बाहेर सरकत निघून जातात. पण मधून सुरुवात एकीलाच करता येते ना! “मी करणार,” थोरली म्हणाली.

“का? मोठी म्हणून?”

“नाही. बाही कापली नाही म्हणून.”

झाले! थोरलीने सोमवार-बुधवार घेतले, धाकटीने मंगळवार-गुरुवार. वरच्या खोलीत टेबलावर मी पडलेला, आणि आईला जिना चढवत नव्हता. एकीने या कडेने शिवायला घेतले, दुसरीने त्या कडेने. दोन्हीकडून सरकत आलेले कापड मधोमध गोळा झाले आणि माझ्या पोटावर हा एवढा फुगा आला.

थोरलीने टेबलावर चिठ्ठी ठेवली, ‘तुझे टाके ढिले आहेत. उसवले.’ दुसऱ्या दिवशी शेजारी दुसरी चिठ्ठी, ‘तुझे आवळलेले आहेत. मीही उसवले.’ ही चिठ्ठ्यांची लढाई दीड आठवडा चालली. मी कुणाच्या बाजूचा नव्हतो. दोघी सारख्याच नालायक होत्या. जुने कापड तरी किती वेळा उसवून घेणार? ऑपरेशनच्या दोन दिवस आधी थोरलीने दोरा रागाने ओढला आणि मी मधोमध चर्रकन फाटलो, वीतभर.

ती मला घेऊन तरातरा खाली आली. धाकटी आईचे कपडे पिशवीत भरत होती. “आई, बघ हिनं काय करून ठेवलंय!”

“मी? दोरा कुणाच्या हातात आहे, ताई?”

आईने मला मांडीवर घेतले, फाटलेल्या जागी बोटे फिरवली. “कुणी फाडलं ते मला ऐकायचंच नाही. ठिगळ लागेल. एकीनं खालून ताणून धरायचं, दुसरीनं शिवायचं. एकटीचं काम नाही हे. इथं बसा, माझ्यासमोर.”

“मी हिच्याशेजारी बसणार नाही.”

“ठीक आहे. मी इस्पितळाची चादर घेते,” आई म्हणाली, “आणि मग मला भेटायलाही येऊ नका. दोघीही.”

थोरली बसली. नाक मुरडत धाकटीही बसली. तिने फुग्याभोवतीचे टाके काढून मला सपाट केले, माझ्याच उरलेल्या घेराचा तुकडा फाटलेल्या जागेवर ठेवला आणि मधून शिवायला घेतले. थोरलीचा हात खालून. दहाव्या-बाराव्या टाक्याला सुई आरपार जाऊन थोरलीच्या बोटात घुसली.

“मुद्दाम टोचलीस.”

“हो.”

अस्तरावर रक्ताचा थेंब उतरला. मला वाटले, आता ही उठणार, मला भिरकावणार आणि सगळे संपणार. मी जीव मुठीत धरला होता. थोरलीने बोट तोंडात घातले, चोखले आणि तोच हात परत माझ्याखाली नेऊन कापड ताणले.

“घे पुढचा टाका,” ती म्हणाली. “आणि आवळून घे.”

संध्याकाळपर्यंत ठिगळ बसले, दुसऱ्या दिवशी चारी बाजूंना गोटही लागला. माझे काम पुरे झाले. त्या दोन दिवसांत ‘धर’, ‘सोड’ आणि ‘कात्री दे’ यांपलीकडे त्या एकमेकींशी बोलल्या नाहीत. आज आईचे ऑपरेशन होऊन तिसरा दिवस आहे. मी तिच्या पायांवर आहे आणि पलंगाच्या दोन बाजूंना दोघी तोंडे फिरवून बसल्या आहेत.

मित्रांनो, शेवटी उपदेश करायचा असतो, तर घ्या. भांडायचे असेल तर खुशाल भांडा, मी कोण अडवणारा? पण कुणाची तरी ऊब तुमच्या हातात असेल, तर ती सोडून भांडू नका. धरून भांडा.