सतरा बोचकी, सहा खोकी

सहदेवची बायको रंगूबाई गेली श्रावणात. दिवाळी होईपर्यंत सहदेवने माळ्याकडे मान वर करून पाहिलं नाही.

माळ्यावर तिची बोचकी होती, सतरा. ठाकुर्लीच्या त्या रेल्वे चाळीत कुणाला गोधडी हवी असली की घरातली जुनी लुगडी, धोतरं, सदरे रंगूबाईकडे आणून टाकायचे. ती सवडीनं शिवायची. माळ्यावरची चिंधी कधी डोक्यावर पडे, कधी उंदीर खुडबुड करत. सहदेव पॉवर हाउसच्या स्टोअरात खलाशी, सामान लावणं-काढणं त्याचं काम. तिथं एकेका खिळ्याला जागा ठरलेली. तो वीस वर्षं म्हणत होता, "एकदा मला हे लावू दे." ती म्हणायची, "तुमचं स्टोअर तिकडे. माझ्या चिंध्यांना हात लावायचा नाही."

आता नाही म्हणायला कुणी नव्हतं. कार्तिकातले तीन रविवार त्यानं त्यात घातले. वाण्याकडून चहाची सहा रिकामी खोकी आणली. बोचकी सोडली, कपडे धुतले, उन्हात घातले, घड्या केल्या. तांबडं एकात, हिरवं एकात, पांढरं एकात. खोक्यांवर खडूनं आकडे टाकले. जिथं कापड विरलं होतं, ठिगळ होतं, तो भाग कात्रीनं काढून पोत्यात भरला. पॉवर हाउसात यंत्रं पुसायला चिंध्या लागतातच. ती बोचकी बांधलेल्या पट्ट्यासुद्धा त्यानं एकीला एक गाठ मारून गुंडाळी केली. तिसऱ्या रविवारी रात्री तो खोक्यांसमोर बसून जेवला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याला अन्नाची चव लागली.

पुढच्या रविवारी सकाळी कलावती आली. चाळीतल्या धोंडीबाची मुलगी, कल्याणला दिलेली, आठवा महिना लागलेला. दारातच भिंतीला टेकून तिनं दम घेतला.

"काका, आईचं बोचकं द्या. काकींकडून राहिलं, आता मीच शिवते."

"कसलं बोचकं?"

"आईचं लुगडं हो. बाळाच्या दुपट्यासाठी मी दिलेलं काकींना, आषाढात. आईचं तेवढंच एक राहिलेलं, बाकीची बाबांनी बोहारणीला दिली."

हौसाबाईला, कलावतीच्या आईला, जाऊन दोन वर्षं झाली होती. सहदेवने कौतुकानं खोकी दाखवली. "रंग सांग. आत्ता काढतो."

"हिरवं."

त्यानं चार नंबरचं खोकं पुढे ओढलं. आत हिरव्या लुगड्यांचे अकरा तुकडे निघाले, सगळे धुऊन धुऊन एकाच फिक्या रंगावर आलेले. कलावतीनं एकेक हातात घेतला, खाली ठेवला, परत घेतला.

"काठ कुठं गेले यांचे?"

"फाटले होते. काढले."

"आणि वरची पट्टी? काकी म्हणालेली, ज्याच्या घरचं बोचकं त्याच्याच कापडाच्या पट्टीनं बांधते. एका घराचं दुसऱ्या घरात जाऊ देत नाही."

सहदेवने कोपऱ्यातली गुंडाळी उचलली आणि तशीच हातात धरून उभा राहिला. बायको गाठी कशाला मारत होती हे वीस वर्षं शेजारी झोपून त्याला कळलं नव्हतं.

"यातलं कुठलंही घे ना पोरी. सगळी मऊच आहेत."

"कुठलंही?" कलावतीचा आवाज चढला. "तुम्हाला कुणी काकींच्या तांब्याच्या जागी दुसरीचा तांब्या दिला तर चालेल काका? माझं पोर पहिल्यांदा कुणाच्या लुगड्यावर झोपणार? कुण्या परक्या बाईच्या?"

ती रडायला लागली. सहदेवला वाटलं, आपण रंगूला दुसऱ्यांदा पोचवून आलो. त्यानं पाण्याचा तांब्या तिच्यापुढे ठेवला आणि विचारलं, "काही खूण? डाग, जळकं?"

"ठिगळ होतं गुडघ्यावर. आईनंच लावलेलं."

ठिगळं पोत्यात होती. पोतं सोमवारी पॉवर हाउसात जायचं होतं. सहदेवने ते जमिनीवर उलटं केलं. हिरव्यावर ठिगळ असलेले पाच तुकडे निघाले.

"कसं शिवायची तुझी आई?"

"कसं म्हणजे? सगळ्यांसारखं. फक्त डावखुरी. आजी टोमणा मारायची, हौसा वाढते तेही डाव्या हातानं, पाहुणा उपाशी उठेल." रडतारडता तिला हसू आलं.

सहदेवने रंगूबाईच्या डब्यातली सुई घेतली. एका चिंधीवर कडेकडेनं चार टाके घातले. टाके उजवीकडे कलले. मग सुई डाव्या हातात घेतली. बोटाला दोनदा टोचली, पण चार टाके पडले. हे उलट्या बाजूला कलले. त्यानं चिंधी कलावतीपुढे धरली. दोघं पाचही ठिगळं दाराच्या उजेडात नेऊन बघू लागली.

एक, उजवीकडे. दुसरं, उजवीकडे. तिसऱ्याचे टाके उलटे होते. बारीक, जवळजवळ घातलेले.

कलावतीनं त्यावरून अंगठा फिरवला. सहदेवने उरलेली दोन पाहिली, ती उजवीकडचीच.

तुकड्याची कापलेली कड घेऊन सहदेव खोक्यातल्या अकरा तुकड्यांना लावत गेला. आठव्याला ती नेमकी बसली. कात्रीचा वाकडा कापही जुळला. वाकडा कापल्याबद्दल त्याला पहिल्यांदाच बरं वाटलं.

"हे परत मी जोडून देतो," तो म्हणाला. "मी कापलंय."

"तुम्हाला येतं?"

"बटण येतं."

तो उंबऱ्यात बसून शिवायला लागला. कलावती शेजारी बसून बाकीचे कपडे चाळवत होती. "ही नऊवारी पाटलीणबाईंची, मला माहितीय. हा सदरा बाबांच्या दोस्ताचा, गोविंदाकाकांचा. काका, बाकीच्या घरांचं काय करणार?"

"दारोदार नेईन. ज्याचं त्यानं ओळखावं."

"शिव्या खाल."

"खाईन."

वीतभर शिवण झाली. कलावतीनं कापड ओढून घेतलं, उजेडात धरलं.

"अगं बाई! केवढाले टाके. काकींनी उसवलं असतं."

"उसवलं असतं," सहदेव म्हणाला, "आणि आठ दिवस ऐकवलं असतं."

त्यानं कापड परत घेतलं, सुईनं पहिला टाका उचकटला आणि मुळापासून उसवायला लागला.