आठ वाजून चार मिनिटांची हजेरी

ठाण्याच्या कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात दोन बाकडी समोरासमोर होती, आणि दक्षता कंपनीच्या बाजूच्या बाकड्यावर बसली होती. समोर सहा बायका मांडीवर पिशव्या घेऊन बसलेल्या. त्यांच्याबरोबर तिनं वागळे इस्टेटमध्ये एकाच पट्ट्यावर अकरा वर्षं औषधांच्या स्ट्रिपा खोक्यांत भरल्या होत्या. एकीच्या डब्यातलं लोणचं दुसरीच्या चपातीवर, असं सगळं होतं एकेकाळी. आज त्यांतली एकही तिला 'जेवलीस का' म्हणून विचारणार नव्हती.

"काय गं लायनलीडर," कलावतीनं सुरुवात केलीच. कलावती खडवलीची, आवाज असा की स्टेशनवर भोंग्याची गरज पडू नये. "साहेबांनी गाडीतनं आणलं वाटतं. आम्ही आपल्या रिक्षा शोधत आलो."

 काय बोलणार, कप्पाळ? गाडीतनंच आली होती दक्षता. सकाळी सुपरवायझर सलिलनं डोंबिवलीला तिच्या बिल्डिंगखाली हॉर्न वाजवला होता, आणि कोर्टाच्या गेटवर उतरताना सगळ्यांनी बघितलं होतं.

खटला साधा होता. सहाजणी म्हणत होत्या, आम्ही कायम कामगार, ठेकेदाराकडे जायला आम्ही कधीच हो म्हटलेलं नाही. कंपनी म्हणत होती, लॉकडाऊनमध्ये जून २०२०ला तुम्हीच संमती दिलीत, ही बघा यादी, तारीख आणि वेळेसकट. ठेकेदाराच्या झाल्या म्हणून तर तीन वर्षांनी ठेका संपल्यावर त्यांना हात झटकून बाहेर काढता आलं. यादी खरी ठरली तर सहाजणी कायमच्या घरी. खोटी ठरली तर पुन्हा पट्ट्यावर. आणि यादी खरी की खोटी, हे सांगायला कंपनीनं आणली होती दक्षताला.

कारण यादीतली ती नावं तिनंच टाकली होती. आणि हे समोरच्या बाकड्यावर कुणालाही माहीत नव्हतं.

झालं असं होतं. औषधाचा माल, त्यामुळे लॉकडाऊनमध्येही कंपनी चालू. पण हजेरीचं अंगठ्याचं मशीन बंद केलेलं, संसर्ग नको म्हणून. मस्टरला पण कुणी हात लावायचा नाही. मग सलिलनं व्हॉट्सअॅपवर ग्रुप काढला. रोज सकाळी त्याचा मेसेज यायचा, 'आठपर्यंत नावे टाका', आणि लोक कंपनीच्या बसमधून नावं टाकायचे. पॅकिंगच्या बायकांत मोठा फोन एकट्या दक्षताकडे. बाकीच्यांकडे बटनांचे डबे. म्हणून रोज शीळफाट्याला बस आली की ती एका ओळीत आठ नावं टाकायची. स्वतःचं, आणि मग कलावती, गंगुबाई, जनी अशी सातजणींची. महिनाभरात बोटांना सवय झाली होती, बघावंही लागत नव्हतं.

आठ नावं खरी, पण जूनच्या दोन तारखेपासून पट्ट्यावर बायका सातच होत्या.

जनी चेंदणी कोळीवाड्यातली. तिला ताप आला. सलिलनं ग्रुपवर आधीच बजावलेलं, तीन दिवस गैरहजर तो संपला, गेटवर माणसं उभी आहेत. जनीनं घाबरून दक्षताला फोन केला. "माझी हजेरी लाव गो बाय. दोन दिसांत येतंय मी." झालं! सगळ्याजणींनी मिळून ठरवलं. टोपी, मास्क, चष्मा, अंगावर तो पांढरा डगला. काचेच्या केबिनमधून सलिलला कोण जनी नि कोण गंगुबाई, काय कळणार होतं? तो नुसती नावं मोजायचा आणि संध्याकाळी खोकी मोजायचा. जनीच्या वाट्याची खोकी मग सहाजणी नि दक्षता मिळून भरायच्या. चहाची सुट्टी सोडून, कंबरडं मोडेपर्यंत. दोन दिवसांचे नऊ दिवस झाले. जनी कोविड सेंटरला गेली. दहा तारखेच्या संध्याकाळी तिथून तिचा फोन आला, आवाज पार बसलेला. "लावतेस ना गो?" "लावते गं माझे आई, तू बरी हो आधी," दक्षता म्हणाली होती.

अकरा जूनला ग्रुपवर सलिलनं इंग्रजीतली दोन पानं टाकली. खाली लिहिलं, 'वाचून आठपर्यंत नावे टाका.' बस शीळफाट्याला. पानं उघडेनात, नुसतं चक्र फिरत राहिलं. तिनं रोजच्यासारखी आठ नावं टाकली. आठ वाजून चार मिनिटं.

दुपारी कॅन्टीनमध्ये कलावतीच्या फोनवर जनीच्या नवऱ्याचा, परशुरामचा, फोन आला. जनी पहाटे चारला गेली होती.

मास्कच्या आत रडल्या सगळ्या. आणि रडत रडत त्या दिवशीची जनीची खोकीसुद्धा भरली, कारण सकाळी हजेरी लागून गेलेली. पुढे तिचं नाव काढावं तर 'कधी गेली' हा प्रश्न येणार. म्हणून महिना संपेपर्यंत तसंच रेटलं आणि मग कंपनीनं 'काम सोडून गेली' असं लिहून टाकलं. परशुराम पुढे तिचा पगार मागायला आला तेव्हा सलिलला सगळं कळलं, पण त्यानं ते दाबून टाकलं.

पुढच्या महिन्यात पगाराच्या चिठ्ठीवर ठेकेदाराचं नाव आलं, तेव्हा दक्षतानं फोनवरचे मेसेज मागे सरकवत नेले, ती दोन पानं उघडली, पोराच्या मास्तरांकडून वाचून घेतली आणि तिला कळलं, नाव टाकेल तो ठेकेदाराकडे जायला राजी, असं त्यात होतं. बायकांनी विचारलं, "आपली नावं दिली कुणी?" तर म्हणाली, "मला काय माहीत? ऑफिसनंच टाकली असतील." एकदा खोटं बोललं की संपलं. ऑगस्टमध्ये सलिलनं तिला केबिनमध्ये बोलावून लायनलीडर केलं, पुन्हा कायम. "तू आठ नावं पटकन दिलीस, सगळं सोपं झालं," असं हसून म्हणाला. नवऱ्याची नोकरी तेव्हा सुटलेली. नाही म्हणायची तिची छाती झाली नाही. ते 'पटकन' तिला पाच वर्षं टोचत होतं.

"वाच हवं तर," सलिलनं आता तिच्या हातात कागद दिले. "प्रतिज्ञापत्र आहे. आत विचारतील, हे खरं आहे का. हो म्हणायचं. बाराला मोकळी."

कागद मराठीत होता. ती बोट ठेवून वाचत गेली. पाचव्या परिच्छेदाशी बोट थांबलं. 'दि. ११ जून २०२० रोजी सकाळी सुमारे आठ वाजता खालील सात महिला कामगारांनी माझ्याशी दूरध्वनीवर बोलून सदर अटी समजून घेतल्या व आपली संमती कळवली.' खाली नावं. एक कलावती. दोन गंगुबाई. तीन, जनी परशुराम नाखवा.

 वकिलानं जुन्या यादीवरून उतरवलं असणार. त्या बापड्याला काय ठाऊक!

"सलिल सर, हे तिसरं नाव..." ती हळूच म्हणाली.

सलिलनं बघितलं. त्याला आठवायला दोन क्षण लागले आणि त्याचा चेहरा आवळला. "मग? तिच्या घरच्यांनी केस केलीये? नाही ना? मग कोण बघतंय."

"पण ती त्या दिवशी सकाळी नव्हती हो. चारला गेलेली."

"हे बघ दक्षता." तो तिच्या कानाशी आला, आवाज मऊ, आणि तो मऊ झाला की ती जास्त घाबरायची. "नाव कुणी टाकलं? तू. नऊ दिवस आजारी बाईची हजेरी कुणी लावली? तू. खोटी हजेरी म्हणजे नोकरी तर जातेच, वर पोलिसांत देता येतं. आणि माल कुणी काढला तिच्या नावाचा? ह्या समोरच्या सहाजणींनी. त्यांचीही केस तिथंच मेली. कळतंय का? तू तोंड उघडलंस तर त्यांनाच बुडवशील."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! हो म्हटलं तर सहाजणी गेल्या. नाही म्हटलं तर ती गेली, आणि कदाचित सहाजणीही तिच्याबरोबर. आणि काहीही म्हटलं तरी आज कलावतीला कळणार होतं की पाच वर्षं ऑफिसच्या नावानं जी बोटं मोडली ती खरी कुणाच्या नावानं मोडायला हवी होती.

पुकारा झाला. सगळे आत गेले.

न्यायाधीश बाई होत्या, चष्मा नाकावर उतरलेला, पुढ्यात फायलींचा ढीग. दक्षतानं शपथ घेतली. 

"हे प्रतिज्ञापत्र तुमचं आहे?" कंपनीच्या वकिलानं विचारलं.

"मला दिलंय ते."

"यातला मजकूर तुम्ही वाचलाय? तो खरा आहे?"

हो म्हण, हो म्हण, असं सलिलचं तोंड मागून न बोलता सांगत होतं. घरी पोरगा बारावीला. नवरा रिक्षा चालवतो, ती पण भाड्याची. हो म्हणायला कितीसा वेळ लागतो? तिनं तोंड उघडलं आणि तिला ऐकू आलं ते जनीचं बसलेलं, चिरकं 'लावतेस ना गो'. नऊ दिवस लावली. मेल्यावरही महिनाभर लावली. आणि आता पुन्हा लावायची, तीही कशासाठी, तर जनीच्या मैत्रिणींच्या पोटावर पाय द्यायला?

"नाही," ती म्हणाली. "पाचवा परिच्छेद खोटा आहे."

वकिलानं कागद खाली ठेवला. "नीट आठवून बोला. नावं तुमच्याच फोनवरून गेलीत ना?"

"गेली. मीच टाकली."

मागून "काय?" असा आवाज आला. कलावतीच. दक्षतानं मागे बघितलं नाही. बघितलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं.

"मी टाकली बाईसाहेब. रोज टाकायची, हजेरी म्हणून. त्या दिवशी पानं उघडली नाहीत, मी हजेरीच समजले. ह्या कुणी मला फोन केला नाही, मी ह्यांना विचारलं नाही. ह्यांना माहीतच नव्हतं. नंतर मला कळलं आणि मी ह्यांच्यापासून लपवलं. पाच वर्षं लपवलं."

"साक्षीदार फितूर झालीय," वकील ओरडला. "समोरच्यांनी फोडलंय हिला. कशावरून विश्वास ठेवायचा की संमती नव्हती?"

"तिसरं नाव बघा," दक्षता म्हणाली. आता तिचा आवाज फुटला. "जनी. ती पहाटे चारला मेली. आठ वाजता तिनं मला फोन कसा केला असेल हो? मेलेली बाई कशी हो म्हणेल?"

 बायकांचे वकील सुश्रुत, इतका वेळ टिपणं काढत होते, त्यांनी यादी ओढून घेतली आणि तिसऱ्या नावावर डोकं वाकवलं.

कंपनीचा वकील मात्र कच्च्या गुरूचा चेला नव्हता. सलिलनं पुढे येऊन त्याच्या कानात नऊ दिवसांचं सांगितलं. तो हसला. "म्हणजे मेलेल्या बाईची हजेरी लावलीत. नऊ दिवस आजारी बाईची लावलीत, असंही दिसतंय. जी बाई कंपनीला इतके दिवस फसवते, तिच्या एकटीच्या शब्दावर कोर्टानं कंपनीला खोटं ठरवायचं? हे दुसऱ्या कुणाला माहीत होतं? एक तरी माणूस?"

 नावं घेतली तर त्या सहाजणी बुडणार, सलिलनं सांगितलं होतं तसंच. 

"मला माहीत होतं!"

कलावती उभी राहिली होती. सुश्रुत तिचा पदर ओढून खाली बसवायला बघत होते, पण खडवलीच्या त्या बाईला धरून कोण बसवणार? तिचे डोळे लाल, आणि बोट दक्षताकडे.

"ही मेली खोटारडी आहे! पाच वर्षं माझ्या तोंडावर खोटं बोलली, हिला मी सोडणार नाय. हिचं नि माझं भांडण बाहेर होईल ते होईल. पण जनीचं ती खरं सांगतेय. जनीची खोकी मी भरलीत. ह्या गंगुबाईनं भरलीत. सातजणींनी भरलीत नऊ दिवस, आणि ती मेली त्या दिवशी पण. तुमच्या मालात एक खोकं कमी पडलं असेल तर दाखवा!"

"बसा खाली," न्यायाधीश म्हणाल्या. "तुमची साक्ष वेगळी होईल. तुम्ही काय कबूल करताय ते वकिलांना विचारून घ्या आधी."

"विचारायचं काय त्यात," असं पुटपुटत कलावती बसली. तिच्या शेजारी गंगुबाई उभी राहिली होती, काही न बोलता, आणि तिच्यामागे आणखी दोघी. त्यांनाही खाली बसवावं लागलं. सलिल दाराशी गेला होता, फोन कानाला लावून.

दक्षता पिंजऱ्याचा कठडा धरून रडत होती. कुणाला दिसतंय याची तिला पर्वा उरली नव्हती. नोकरी आज संध्याकाळपर्यंत जाणार होती, पुढे पोलीसही येतील. कलावतीनं बाहेर चार शिव्या घातल्या तर त्या खायच्या, हेही तिनं ठरवून टाकलं.

न्यायाधीशांनी टंकलेखकाला मजकूर सांगायला सुरुवात केली. साक्षीदार असं सांगते की सदर नावे तिने हजेरी म्हणून टाकली, संमती म्हणून नव्हे. तिथं त्या थांबल्या आणि चष्म्यावरून दक्षताकडे बघितलं.

"मयत बाईंचं पूर्ण नाव सांगा. आणि त्या दिवसाबद्दल नेमकं काय लिहायचं, तेही तुमच्या शब्दांत सांगा."

दक्षतानं पदरानं तोंड पुसलं.

"जनी परशुराम नाखवा," ती म्हणाली. "चेंदणी कोळीवाडा. लिहा बाईसाहेब, अकरा जूनला जनी गैरहजर."